मामांना न कळलेली बाटली

माझ्या बायकोच्या मामांसारखी जीभ साऱ्या सिंधुदुर्गात दुसरी नव्हती, असं मी म्हणतो तेव्हा एवढं ध्यानात घ्या की कौतुक हा माझा स्वभाव नाही. गावोगावचे जाणकार मी पाहिले आहेत; बहुतेकांची जाण आवाजात असते. मामांची खरोखरच जिभेत होती. कट्टा गावातल्या एका लग्नात त्यांनी सोलकढीचा एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवून म्हणाले, "सोलां गेल्या वर्साची आसत." आचाऱ्याने मुकाट्याने कान पकडले. मला हे थोतांड वाटलं. मी तीन विहिरींचं पाणी तीन पेल्यांत आणून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी तिन्ही विहिरी मालकांसकट ओळखल्या आणि वर म्हणाले, "जावयानूं, तिसरी बाव उपसूक सांगा. बेडूक मेलो हा." बेडूक सापडला. त्या दिवसापासून मी वाद घातला नाही.

त्यांचा मुलगा बोटीवर होता. दर सुट्टीत तो परदेशातून काहीतरी आणायचा आणि मामा ते हुंगून, चाटून, त्यात काय काय आहे ते सांगून टाकायचे. बापाला एकदा तरी हरवायचं, एवढीच त्या पोराची महत्त्वाकांक्षा उरली होती. कट्ट्याला मोबाइलचा टॉवर उभा राहिला त्या वर्षी, मे महिन्यात, तो एक काळी बाटली घेऊन आला. नावावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला.

"बाबानूं, ह्येच्यात काय आसा तां सांगा. नायतर आज हरलास म्हणा!"

मामांनी फ्रिजला नकार दिला. फ्रिजला बांगड्याचा वास होता. बाटली कळशीत घालून विहिरीत सोडली. चार वाजता घरापुढच्या खळ्यात अर्धा वाडा जमला. बाटली उघडली. मामा कुंपणाजवळच्या फणसाखाली गेले आणि पहिला घोट जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, ओतला. "पयलो तुझो, मगे माझो. गोड मानून घे, म्हाराजा." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!"

मग ते खुर्चीत बसले. एक घोट. "नाचण्याची करपलेली भाकरी," ते म्हणाले. दुसरा घोट. "चाकलेट." पोराचा चेहरा उतरला. तिसरा घोट घेतला आणि मामा थांबले.

"ह्येच्यात दात कोणी घासले रे?"

सगळे हसले. मामा हसले नाहीत. पुन्हा एक घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले. मामी पदराने वारा घालत म्हणाल्या, "अहो, सांगा मां एकदाचा!"

"कळाक नाय माका," मामा म्हणाले.

पोरगा घाईघाईने म्हणाला, "बियर आसा, बाबानूं. काळी बियर. चाकलेट आणि पुदिनो घातल्यानी." जिंकला होता, पण त्याचा आवाज हरलेल्याचा होता.

मामांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते पेल्यात बघत होते, एखाद्याने भर दुपारी पहिल्यांदाच समुद्र बघावा तसे. "पुदिनो!" ते हळूच म्हणाले. "सत्तर वर्सां ही जीब घेऊन फिरतंय. अजून कायतरी ऱ्हवलला आसा तर, झिला!"

सर्वज्ञ मी पुष्कळ पाहिले. न कळल्याचा एवढा आनंद झालेला माणूस तो एकच.

मामा आता नाहीत. मुलगा सुट्टीवर आला की तशीच बाटली विहिरीत सोडतो. चार वाजता पहिला घोट फणसाखाली राखणदाराला देतो आणि मग दुसराही तिथेच ओततो. बाटलीवर कागद चिकटवलेला असतो.