वत्सलाबाईंची तुरीची पावडर

हुमनाबादच्या स्टँडवर उतरलो. पाट्या सगळ्या कानडीत. अंदाजानं चढलो तो बिदरच्या गाडीत. कंडक्टरनं हसत खाली उतरवलं. "कलबुर्गी उलटं ऱ्हायलं की साहेब!" मग लॉऱ्यांच्या धुरात पाऊण तास उभा.

पुण्यातल्या आमच्या कार्यालयाचं काम एकच: विद्यापीठांतल्या संशोधकांना आपलं संशोधन बाजारात न्यायला तयार करायचं. नव्या लोकांना हुरूप यावा म्हणून मला वत्सलाबाईंची मुलाखत हवी होती. कलबुर्गीत शिकवणाऱ्या या बाईंनी साठवणीच्या तुरीला कीड लागू नये अशी पाल्याची पावडर तयार केली होती. तीन वर्षांपूर्वी तिचे हक्क एका कंपनीला द्यायला मीच त्यांना राजी केलं. कंपनीनं पुढं काहीच केलं नाही, हे मला ठाऊक होतं. पण आमच्याकडं करारावर सही झाली की यश धरतात.

घरी पोचल्यावर बाईंनी कडक भाकरी आणि शेंगा हिंडी (शेंगदाण्याची चटणी) वाढली. मी मुलाखतीचा विषय काढला. "आधी खजुरीला चला," एवढंच म्हणाल्या.

आळंदच्या पुढं दुतर्फा काळं रान, तुरीची नुसती खुंटं. खजुरीत शिवाप्पा नावाच्या शेतकऱ्यानं ओसरीवर बसवलं आणि आतून ओंजळभर तूर आणली. दाण्यादाण्याला भोक.

"अक्का (ताई), तुमची पावडर होती तवर एक दाणा किडला न्हाई. आता कामून देत न्हाई?"

"ती माझी राहिली नाही, अण्णा. कंपनीची झाली. गेल्या साली तुम्हाला दिली, तर मला नोटीस आली."

"मग दुकानात कामून मिळंना?"

"यांना विचारा," बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या.

"कंपनीनं बनवलीच नाही," मी म्हणालो. "त्यांचं स्वतःचं औषध खपतं."

"मग इकत घेतली कशाला?"

बाईच म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी बनवू नये म्हणून."

शिवाप्पानं तूर कोंबड्यांपुढं टाकली. तरी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

बाई मला उमरग्याच्या गाडीपर्यंत पोचवायला आल्या. मुलाखतीचं मी पुन्हा काढलं नाही.

"तुमच्यावर राग नाही माझा," त्या म्हणाल्या. "करार तुम्हीही वाचला नसणार. पुढं कुणाला सही करायला सांगाल, तेव्हा तेवढा वाचत जा."

मी मान डोलावली. गाडी सुटली.

उत्पादन करण्याचं बंधन कंपनीवर नाही, असं त्या करारात स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य मी दोनदा वाचलं होतं, आणि मग पान उलटून बाईंना सहीची जागा दाखवली होती.