चाळिशीत वाढलेली उंची

चाळिशी उलटल्यावर माझी उंची दोन बोटं वाढली.

झालं असं, आमची पल्लवी सात वर्षांची असताना तिच्या रक्तात कोलेस्टेरॉल फार निघालं. "हे घराण्यातून येतं," असं म्हणून गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. (मी पंख्याकडे पाहिलं.) तूप, साय, मटणाची चरबी बंद. डाळ, भात, भाजी, मासे पोटभर. "पण पोरीची वाढ थांबता कामा नये हं!"

झालं! घरी येताच तिला दाराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलीनं खूण केली. गंमत म्हणून तिनंही स्टुलावर चढून माझी केली. मग रोजचाच घोर. पोट्टी शाळेतून आली, की बूट काढायच्याही आधी मोजणी.

"रोज मोजून कोणी वाढते का जी?" बायको म्हणायची. पण हातातलं काम सोडून बघायला तीही यायची.

मे महिन्यात घराचं काम काढलं, म्हणून मायलेकी सौंदडला गेल्या. परत आल्या त्या सासूबाई आणि तुपाचा डबा घेऊन.

"जवाईबापू, पोट्टीले उपाशी मारून रायले तुमी. तुपाबिगर हाडं कशी वाढतीन?"

मी पल्लवीला तडक, अनवाणीच, चौकटीशी उभं केलं. दोन बोटं वर! मी अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलं.

सासूबाईंना पटेना. "आता तुमी उभे राहा."

मी उभा राहिलो. मीही दोन बोटं वर. शहाण्या माणसानं पायाखाली पाहिलं असतं. मी म्हटलं, "मीही तिच्यासारखंच खाऊन रायलो ना, आहाराचा गुण!" (मधला महिना मी कोहमाऱ्याच्या धाब्यावर जेवलो, ते बोललो नाही.)

बायकोनं खाली पाहिलं. "तुमी नवी फरशी बसवली ना जी."

फरशी वजा केली. पल्लवीची वाढ शून्य. बायकोनं पुन्हा मोजलं, तरी शून्यच. इतके दिवस तुपाशी भांडणारा मीच सासूबाईंना म्हणालो, "एक चमचा द्या बरं."

बायकोनं डबा हिसकावला. "आधी डॉक्टर!"

डॉक्टरीणबाईंनी मोजलं. उंची, वजन, दोन्ही व्यवस्थित वाढलेली.

"मग चौकटीवर काऊन नाही दिसलं?" मी विचारलं.

"तवा पायात बूट राहत होते ना, बाबा," पल्लवी म्हणाली.

बायकोचा जीव भांड्यात पडला. माझा पडायच्या आत डॉक्टरीणबाईंनी माझंच रक्त काढायला लावलं. कोलेस्टेरॉल पोरीपेक्षा जास्त निघालं! आता माझंही तूप, साय, मटण बंद.

पल्लवीला भारी आनंद. "बाबा बी माझ्यासंग तेच खातीन? मंग ते बी वाढतीन का?"

"उंची नाही वाढायची," डॉक्टरीणबाई गोळ्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "अक्कल वाढली तर मला कळव."

पल्लवी आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. डॉक्टरीणबाईंना तिनं अजून काही कळवलेलं नाही.