घरच्या भाषेचा रकाना

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, अमेरिकेत अल्फारेटा गावातल्या एका सरकारी शाळेच्या ऑफिसात, माझ्या आईने मला खोटं ठरवलं.

काम मुलीच्या केजीच्या प्रवेशाचं होतं. शाळेत राज्य सरकारच्या मदतीने फ्रेंच इमर्शनचा वर्ग चालतो. अर्धा दिवस फ्रेंचमधून, अर्धा इंग्रजीतून. जागा लॉटरीने मिळतात. मुलीचा नंबर लागला होता. कागद तपासले की जागा पक्की.

'घरी कोणती भाषा बोलता?' या रकान्यात मी 'इंग्लिश' लिहिलं होतं. इथले बरेच मराठी आईबाप तेच लिहितात. मराठी लिहिलं तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या चाचणीबद्दल साथीच्या रोगाबद्दल बोलावं तसं बोलतात.

"इंग्लिश ओन्ली?" ऑफिसातल्या बाईंनी विचारलं. मी हो म्हटलं.

आई सहा महिन्यांसाठी नागपूरहून आली होती. तेवढे दोन शब्द तिला कळले.

"काय गं, काल डब्यावरून नवऱ्याशी भांडली ना तू, ते काय इंग्लिशमध्ये?"

"आई, घरी गेल्यावर बोलू."

"भांडण मराठीत, लाड मराठीत, फॉर्म तेवढा इंग्लिश!"

आजी काय म्हणतात, बाईंनी विचारलं. मी उत्तर जुळवत होते, तोवर शेजारी उभ्या मुलीने दिलं. "आजी सेज मॉमी फाइट्स विथ डॅडी इन मराठी. आय कॅन शो यू."

तिने दाखवलंही. माझा आवाज, बाबाचा आवाज, मध्ये कुकरची शिट्टी.

बाईंनी 'इंग्लिश' खोडून 'मराठी' लिहिलं आणि मुलीला चाचणीसाठी आत नेलं. निकाल येईपर्यंत जागा पक्की होणार नाही, म्हणाल्या.

आम्ही बाकावर बसलो.

"तिसरी भाषा शिकवायला सरकार मदत करून राहिलं," आई म्हणाली, "आणि तू पहिली लपवते."

वीस मिनिटांनी मुलगी स्टिकर लावून आली.

"काय विचारलं?"

"व्हॉट्स इन द पिक्चर. इट वॉज अ डक."

"बदक?" आईने माझ्याकडे पाहिलं. "बदकाला भ्यायली तू?"

शुक्रवारी दुपारी शाळेचा ईमेल आला. इंग्रजीच्या चाचणीत पास. फ्रेंच वर्गातली जागा पक्की. घरची भाषा: मराठी.