गाडी माणसासकट आणा

आत्यांकडे गाडी दुरुस्तीला न्यायची, तर चालवणाऱ्यासकट न्यावी लागते. नुसती गाडी आली तर त्या फाटकातूनच परत पाठवतात. "गाडी बोलत नाही, माणूस बोलतो. माणूस कुठाय?" एवढंच विचारतात.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तरुणपणी त्या रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंगला होत्या. कारखाना बंद पडला, तसे आसपासचे गॅरेजवाले जुन्या गाड्यांचे बिघडलेले संगणक त्यांच्याकडे आणू लागले. संगणक म्हणजे पडदा-बिडदा असलेला नव्हे. गाडीत पाय ठेवायच्या जागी गालिच्यामागे एक पत्र्याचा डबा दडवलेला असतो. इंजिनाला कधी, किती पेट्रोल द्यायचं ते तो ठरवतो. आत्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल आहे. त्यावर भिंगाचा दिवा, आणि एक हेअर ड्रायर, ज्याने आजवर कुणाचे केस वाळलेले नाहीत. त्यांना दोन चष्मे लागतात, एक नाकावर, एक डोक्यावर, आणि शोधाशोध कायम डोक्यावरच्याची चालते. स्वभाव तिखट. माझाही तसाच आहे, म्हणून आमचं जमतं.

यंदा बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, गाडी बंद पडायला लागली. चालता चालता, जराही न कुरकुरता, इंजिन गप्प. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. आणि हे फक्त बाबा चालवत असतानाच व्हायचं. माझ्या नवऱ्याने आठवडाभर चालवली, एकदाही रुसली नाही. गॅरेजवाल्याने चांगली दूरवर फिरवून आणली आणि किल्ली परत देताना हळूच मला म्हणाला, "वहिनी, गाडी ठणठणीत आहे. काकांचं वय काय?"

मला असा राग आला, की मी त्याच्या हातातून किल्ली हिसकावूनच घेतली. पण मग एकदा पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागच्या सीटवर आमची लेक, आणि तिच्या मागे ट्रक. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्या दिवशी बाबांनी स्वतःच किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. "माझाच कशाला तरी हात लागत असेल," म्हणाले. "कळत नाही मला."

पुढचं याहून वाईट होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसे बाबा सगळंच फुंकू लागले. गॅस बंद केला का, दार लावलं का, हे पुन्हा पुन्हा बघायचे. बोलताना एखादा शब्द आठवला नाही की चेहरा उतरायचा. नवऱ्याने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यावर बाबांनी नुसती मान डोलावली. मिठापासून हवामानापर्यंत सगळ्यावर वाद घालणारा हा माणूस मुकाट्याने मान डोलावतोय, हे मला बघवेना. दुसऱ्याच दिवशी मी गाडी काढली आणि आत्यांकडे नेली.

"धाकटा कुठाय?" आत्यांनी फाटकातच विचारलं.

"ते आता चालवत नाहीत, आत्या."

"मग ने परत."

बाबांना घेऊन पुन्हा गेले. ते आले खरे, पण चालवायला बसायला काही तयार होईनात.

"ताई, माझं डोकं चालत नाही आता. उगीच कुणाला तरी चिरडेन."

"मी बसते ना शेजारी. लहानपणी मार एकत्र खाल्लाय, आता मरायचं तर एकत्र मरू. बस."

थोरल्या बहिणीपुढे सत्तरी उलटलेला माणूसही धाकटाच. बसले. मी मागे बसले. "रोज चालवतोस तसंच चालव," आत्यांनी बजावलं, "काही सुधारायला जाऊ नकोस." बाबांनी आरसा नीट केला, पट्टा लावला, पायांवर गरम हवा सोडणारं बटण फिरवलं आणि निघाले. चालवतात ते छानच. बाजार मागे पडला, शाळा मागे पडली, आणि पोस्टाच्या वळणावर इंजिन गेलं. बाबांनी गाडी शांतपणे कडेला घेतली आणि मग चटका बसल्यासारखे दोन्ही हात उचलले.

"बघ. झालं. आता काय केलं मी?"

आत्यांनी चप्पल काढली होती आणि पायाचा तळवा समोरच्या गालिच्यावर इकडेतिकडे दाबून बघत होत्या. मला वाटलं, आता यांचंही डोकं फिरलं.

"धाकट्या, ही गरम हवा रोज लावतोस?"

"पाय गार पडतात गं माझे."

"आणि तुझा लेक?"

"त्याला कायम उकडतं," मी मागून म्हणाले. "थंडीतही काच खाली करून चालवतो."

"हां," म्हणून आत्यांनी चप्पल घातली. "सुरू होईल थोड्या वेळाने. घरी चल."

घरी आल्यावर त्यांनी गालिचा उचकटला आणि तो डबा तारांसकट बाहेर ओढून लोंबता ठेवला. इंजिन चालू केलं. इंजिनाजवळच्या एका तारेला छोटा बल्ब जोडला. डबा पेट्रोल सोडायचा हुकूम देतो तेव्हा तो लुकलुकतो, असं मला सांगितलं. मग बाबांना लांब पायरीवर नेऊन बसवलं. "हात मांडीवर ठेव. सगळ्यांना दिसू देत." गाडीत कुणीच नव्हतं. आत्या दारातून आत वाकल्या आणि त्यांनी डब्यावर ड्रायर धरला.

बराच वेळ काहीच होईना. इंजिन आपलं घुरघुरतंय, बल्ब लुकलुकतोय. आता गाडी बंद पडली नाही, तर दोष आपलाच अशी बाबांची कायमची खात्री पटणार होती. आत्यांच्या कपाळावरही आठी चढली. त्यांनी ड्रायर दुसऱ्या हातात घेतला, डब्याच्या कोपऱ्याशी नेला. बल्ब विझला आणि इंजिन गेलं.

बाबा पायरीवरून म्हणाले, "मी काही केलं नाही ना?"

"तू तिथे बसलायस, मूर्खा, आणि किल्ली इथे आहे. हा डबा गरम झाला की विसरतो. तू नाही विसरत."

बाबा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. मीही रडले, लपवू कशाला? इतके दिवस आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो, आणि संन्यासीही बिचारा मान पुढे करून उभा होता.

उरलेलं काम टेबलावरचं. आत्यांनी मला भिंगाखाली दाखवलं: सोल्डरच्या एका ठिपक्याभोवती केसाएवढी गोल चीर. गार असताना मिटलेली, तापली की उघडणारी.

"एवढंच?" मी विचारलं.

"तुला काय आत साप हवा होता?"

त्यांनी ठिपका वितळवून नवा भरला, शेजारचे संशयितही भरून टाकले. डबा गाडीत जोडून पुन्हा ड्रायर लावला. शेवटी ड्रायर दमला, पण गाडी बंद पडली नाही. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "बाबांना दे." काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, पण फोन परत देताना बाबांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा झाला होता.

येताना तेच चालवायला बसले. गरम हवा पूर्ण सोडलेली. मी शेजारी घामाघूम. माझं तोंड सुरूच होतं, गॅरेजवाल्याला काय काय सुनवायचं याची उजळणी चालली होती. तेवढ्यात आमच्या घराचं वळण आलं आणि बाबा सरळ पुढे निघून गेले. मी चटकन त्यांच्याकडे बघितलं. गेल्याच आठवड्यात असं झालं असतं, तर त्यांचा चेहरा पांढरा पडला असता, त्या रात्री ते जेवले नसते.

"वळण चुकलं," बाबा म्हणाले. "तुझ्या बडबडीने. जरा गप्प बसशील तर माणूस रस्ता तरी बघेल." आणि त्यांनी पुढच्या चौकातून गाडी वळवून घेतली. मला इतकं बरं वाटलं, की उलट उत्तर द्यायचंही राहून गेलं.