सीट झिजली, पण बसलं कोण?

गाडीच्या सीटवरून मी कधी कुणाशी भांडेन, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. मला गाडी चालवता येत नाही, गाड्यांची हौस नाही, आणि आमच्या गाडीचा रंग विचारलात तर मी अजूनही 'राखाडी की कायसा' असंच सांगते. पण गेल्या पावसाळ्यानंतर अब्बांनी गाडीला हात लावणं सोडलं आणि तिथून माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

अब्बांचा सगळा उमेदीचा काळ कुवेतला ड्रायव्हर म्हणून गेला. एकाच घरी. मालकाला ते 'अरबाब' म्हणत, तिकडून परत आलेले आमचे सगळेच म्हणतात. त्या अरबाबच्या गाड्यांना आतून पांढरट चामड्याच्या सीट, आणि ड्रायव्हरला सक्त ताकीद की आपल्या सीटवर टॉवेल टाकल्याशिवाय बसायचं नाही, घाम लागतो. अब्बा तसेच बसले, जन्मभर. लहानपणी ते सुट्टीवर आले की सांगायचे, 'एक डाग नाय पडू दिला.' दुसऱ्यांचे बाप तिकडच्या उंच इमारतींच्या गोष्टी सांगायचे. आमचे सीटच्या सांगायचे. मला तेव्हा फार राग यायचा.

कायमचे परत आल्यावर त्यांनी गाडी घ्यायची ठरवली. एकच हट्ट होता, सीट चामड्याच्या पाहिजेत. शोरूमवाल्याने सांगून पाहिलं, 'काका, आपल्या हवेत कापडाच्या बऱ्या.' पण अब्बा ऐकतात होय! गाडी आली, राजिवड्यातल्या आमच्या दारात उभी राहिली, शेजारीपाजारी बघून गेले, नजर लागू नये म्हणून अम्मीने काय काय पढून फुंकलं. आणि सीटवरचं प्लास्टिक मात्र कुणी काढलं नाही. शोरूममधल्या माणसांनी काढलं नाही, आम्ही काढू दिलं नसतंच. आमच्या गल्लीत ही रीतच आहे. फ्रीजच्या दारावरचा कागद, सोफ्यावरचं प्लास्टिक, मोबाइलच्या काचेवरची पातळ झिल्ली, सगळं जागच्या जागी असतं. कष्टाने आलेली वस्तू उघडी टाकायला जीव धजत नाही.

प्लास्टिकवर अब्बांनी टॉवेल टाकला. स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या सीटवर. मग सगळ्याच सीटवर टाकले. अम्मीला आत चढताना चपला बाहेर काढून पिशवीत घ्याव्या लागत. ती एकदा चिडून म्हणाली, 'ही गाडी हाय की नमाजाची जानमाज?' मासळीला तर गाडीत मज्जावच. गाडी दारात उभी, आणि अम्मी मिरकरवाड्याहून बांगडे घेऊन रिक्षाने येतेय, हे दृश्य मी कितीदा पाहिलं असेल! रिक्षावाला विचारायचा, 'चाची, गाडी बिघडली का?' ती म्हणायची, 'गाडी बरी हाय, गाडीवाल्याचं बगा.'

आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी धरते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण अब्बांचा अनुभव वाळवंटातला. त्यांनी गाडीवर ताडपत्री घातली, काचा घट्ट लावल्या आणि चार महिने जपून ठेवली. दसऱ्याच्या सुमारास ऊन कडक पडलं तेव्हा म्हणाले, चला, आज आतून स्वच्छ करू. प्लास्टिक उचललं, तर वरचा थर त्याला चिकटून वर आला. भिंतीला ओल धरली की रंगाचे जसे पोपडे सुटतात, तसे चामड्याचे पोपडे. पुढच्या दोन्ही सीटवर, मागेही. अब्बा प्लास्टिक हातात धरून तसेच उभे राहिले. मी काहीतरी बोलले, त्यांना ऐकूच गेलं नाही.

त्यानंतर त्यांनी गाडी झाकली ती झाकलीच. जुम्म्याला मशिदीत चालत, डॉक्टरकडे रिक्षाने. रात्री जेवताना एकदाच म्हणाले, 'दुसऱ्याची गाडी आयुष्यभर संबाळली. माझीच कशी अशी झाली गो? हात गेला वाटतं माझा.' अम्मीने त्यांच्या ताटात भात वाढला. मी माझं ताट बाजूला सारलं. बाकी कशाचं मला काही नव्हतं. सीट फाटो, गाडी गंजो. पण जो माणूस आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान बाळगून जगला, त्याच्याकडून तीच गोष्ट काढून घ्यावी? मला कुणाच्या तरी तोंडून एवढंच वदवून घ्यायचं होतं की काका, चूक तुमची नाही, मालाची आहे. गाडी वॉरंटीत होती. म्हणजे हे बोलायला माणूसही ठरलेला होता.

मिरजोळ्याला, एमआयडीसीत, कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे. मी मोबाइलवर सीटचे फोटो नेले होते, ते तिथल्या पोराने घेतले, गोड बोलला, चहा दिला. मला वाटलं, झालंच काम. पुढच्या आठवड्यात त्याचाच फोन आला की क्लेम नामंजूर, कारण 'अतिवापरामुळे झालेली झीज'.

अतिवापर! मी स्टाफरूममध्ये होते. मी इतक्या मोठ्याने 'काय?' म्हटलं की शेजारी वह्या तपासणाऱ्या बाई दचकल्या. मी शिक्षिका आहे, सबबी ऐकण्यात माझी हयात चालली आहे. गृहपाठाची वही गाईने खाल्ली इथपर्यंत मी ऐकून घेतलंय. पण ही सबब माझ्या पचनी पडेना. मी म्हटलं, अहो, गाडी किती फिरली आहे ते तरी बघा. तो म्हणाला, 'मॅडम, फिरण्याचा प्रश्न नाही, चढउतार जास्त झाली की सीट जाते. गाडी भाड्याने वगैरे देता का?' ज्या गाडीत आमच्या अम्मीला बांगडे घेऊन बसायची मुभा नाही, ती आम्ही भाड्याने देणार!

मग माझी तगमग सुरू झाली. फोन लावायचा, सनईचा एक तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायचा, कुणीतरी उचलायचं, 'बघतो' म्हणायचं. ई-मेल पाठवायची आणि दर तासाला उघडून बघायची. वर्गात फळ्यावर अर्धं वाक्य लिहून मी थांबायचे, पोरं एकमेकांकडे बघायची. घरी आले की गॅलरीत येरझाऱ्या. अम्मी म्हणाली, 'बस की गो एका जागी, जमीन झिजंल.' मला झीज या शब्दाचाही राग यायला लागला होता. संध्याकाळी डोकं शांत करायला मांडवीला जायचे, तर तिथेही समुद्राकडे पाठ करून मनातल्या मनात त्या पोराशी भांडत उभी. आणि घरी अब्बा. पडवीत बसलेले, समोर झाकलेली गाडी. विचारायचेसुद्धा नाहीत की काय झालं. ते विचारत नाहीत याचीच मला जास्त धास्ती वाटायची.

शेवटी ग्राहक मंचात जाईन असं लिहून कळवलं, तेव्हा कुठे हालचाल झाली. कोल्हापूरहून वरचे साहेब येणार, प्रत्यक्ष गाडी बघणार, गाडी घेऊन या. अब्बा यायला तयार नव्हते. अम्मीने त्यांच्यापुढे किल्ली ठेवली आणि स्वतः बुरखा घालून दारात उभी राहिली. 'मीपण येतंय. त्या घाटावरच्याला बगू तर दे, किती वापर झाला माझा.' कितीतरी दिवसांनी अब्बा स्टिअरिंगवर बसले. टॉवेल टाकायला विसरले नाहीत.

साहेब बरा माणूस निघाला. मी भांडायची पुरती तयारी करून गेले होते, आणि हा सीटवर हात फिरवून शांतपणे म्हणतो, 'हे वापराचं दिसत नाही. झालं काय नक्की?' मग मी सांगायला लागले. बांध फुटल्यासारखं सगळं सांगितलं. प्लास्टिक कधी काढलंच नव्हतं. त्यावर टॉवेल. चपला काढून चढायचं. मासळी नाही, भिजलेली छत्री नाही, मुलांना खाऊ नाही. माझ्या मावसबहिणीच्या निकाहाला गाडी मागितली तर अब्बांनी स्वतःच्या खिशातून दुसरी गाडी करून दिली, पण ही दिली नाही. अम्मी कधी मागे टेकून बसली नाही, दोन्ही हात मांडीवर धरून सीटच्या कडेला बसते, अजूनही. 'कुवेतला अरबाबच्या गाडीत बसायचे ना, तसेच ते आपल्या गाडीत बसतात हो,' मी म्हटलं. 'अतिवापर म्हणता तुम्ही! आमच्यातलं कुणी या गाडीत मालक म्हणून एकदासुद्धा बसलेलं नाही!'

बोलताना मला जोर चढला होता. आजूबाजूला आपापल्या गाड्या न्यायला आलेली माणसं थांबून ऐकत होती, एक मेकॅनिक पाना हातात धरून उभा होता. मला बरं वाटत होतं, खरं सांगते. जिंकतेय हे कळत होतं.

साहेबांनी मान हलवली. 'मॅडम, मग ही आमची चूक आहे. डिलिव्हरीच्या वेळी प्लास्टिक काढून द्यायचं असतं, आमच्या माणसांनी काढलं नाही. आत दमट हवा कोंडली, थर सुटला. काकांचा काही दोष नाही.' हे वाक्य ऐकायला मी इतके दिवस जीव टाकला होता. ते म्हणाले, 'सगळ्या सीट बदलून देतो, काही खर्च नाही. फक्त काकांनी आत्ता तुम्ही सांगितलं तेच लिहून द्यायचं. प्लास्टिक काढलं नव्हतं, टॉवेल टाकूनच बसायचो, घरच्यांनाही कधी मोकळं बसू दिलं नाही. खाली सही.'

मी वळले. अब्बा माझ्या मागेच उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. भरल्या दुकानात कुणाचा सदरा काढून घ्यावा तसं काहीतरी मी केलं होतं, आणि ते मला तेव्हा कळलं.

'साहेब,' अब्बा म्हणाले, 'ही पोरगी रागात बोलते. तसं काय नाय.'

'अब्बा!'

'तू थांब.' मग साहेबांकडे बघून म्हणाले, 'तुमच्या माणसानं पयलं लिवलं व्हतं तेच बरोबर. आमी भरपूर वापरली गाडी. पावणे-रावळे, लग्नकार्य, बाजार. आमच्या घरात माणसं माप, एक उतरला की दुसरा चढतो. सीट किती टिकणार? वापरूनच गेली.'

साहेब गोंधळले. म्हणाले, 'काका, असं लिहिलंत तर क्लेम जाईल. सीट मिळणार नाहीत.'

'नको मिळू देत. लिवा, अतिवापर. सही कुटं करू?'

मी त्यांचा दंड धरला. म्हटलं, अब्बा, तो स्वतः म्हणतोय तुमची चूक नाही म्हणून, आणखी काय पाहिजे? त्यांनी माझा हात हळूच सोडवला. अम्मीकडे पाहिलं तर ती माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती. नवीन कुणी माणूस भेटावा तशी. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. साहेबांचा, माझा, त्या अरबाबचा. अब्बांनी सही केली, साहेबांशी हात मिळवला आणि गाडीकडे चालू लागले.

आम्ही जाऊन पोचलो तोवर त्यांनी चारही टॉवेल काढून डिकीत टाकले होते. उघड्या, पोपडे सुटलेल्या सीटवर ते बसले. मी शेजारी बसले. फाटकातून गाडी बाहेर पडली, आणि शहराकडे वळायचं सोडून हातखंब्याच्या बाजूला वळली. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

थोड्या वेळाने अम्मीच मागून म्हणाली, 'अवो, घर तिकडं ऱ्हायलं.'

'म्हायत हाय,' अब्बा म्हणाले. 'लांज्यापर्यंत जाऊन येऊ. आत्ता सही करून आलोय, भरपूर वापरली म्हणून. ती खोटी नको पडायला.'