पाळण्यात पहिलं कोण बसणार

नव्या छापील टी-शर्टचा रबरी वास आला की मला आमच्या हॉलमधली एक रविवारची दुपार आठवते. आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांनी बेंगळुरूबाहेरच्या थीम पार्कला जायचं ठरलं होतं आणि काकू चिकपेटच्या बाजारातून आणलेले एकसारखे पिवळे टी-शर्ट वाटत होती. माझं इंग्लिश चांगलं म्हणून लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. तिकिटांच्या पानावर लिहिलं होतं की हृदयाचा त्रास असलेल्यांनी उंच पाळण्यात बसू नये. ती ओळ मी पुन्हा वाचली, कारण आदल्याच आठवड्यात आजोबा गच्चीवर छाती धरून खाली बसले होते आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती. आमच्याकडे नवी गाडी असो की बोट, पहिलं घरातलं मोठं माणूस बसतं. “पाळण्यातसुद्धा आधी बाबाच!” काका आजोबांकडे बघत म्हणाले. आजोबा हसले, पण मान खाली घालून. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, तरी तोंडातून निघालंच, “मला भीती वाटते. आजोबा, तुम्ही माझ्यासोबत खालीच थांबाल?” “एवढी घोडी झाली तरी भित्रीच!” काकू म्हणाली आणि सगळे हसले. आजोबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “सरी, ठीक आहे,” ते म्हणाले, “पोरीला एकटं कसं सोडू?” घरात मला अजून भित्रीच म्हणतात. आजोबा दुपारी झोपले की आजही दाराआड उभी राहून त्यांचा श्वास ऐकते.