सारंगखेड्याच्या पाळण्यात अडकलेल्या आम्ही तिघी

नातवंडांनी सुट्टीत थीम पार्कला जायचं ठरवलंय आणि गेले आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. कुठला पाळणा किती उलटा होतो हे थोरला नातू मला मोबाइलवर दाखवतो आणि वर विचारतो, "आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का गं?"

होतं की! म्हटलं, बस इथे, मी सांगते ते टाइप कर. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या, बाकी सगळं माझं.

गोष्ट साठच्या दशकातली. आम्ही शहादा तालुक्यातल्या कळसाडीचे. मार्गशीर्षात कापसाची मोठी वेचणी उरकली, गाडी रिकामी झाली, तेव्हा बापूंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जेवताना सांगून टाकलं की यंदा पोरांना सारंगखेड्याच्या दत्ताच्या जत्रेला न्यायचं. झालं, घरात रणकंदन. माझा भाऊ भगवान पंधरा वर्षांचा, त्याला तोरणमाळच बघायचं होतं. डोंगराच्या डोक्यावर तलाव आहे म्हणे!

"बैल काय बोकड शेत का, डोंगर चढाले?" बापू म्हणाले. विषय संपला. शेवटी ठरलं ते असं : आधी उनपदेवचं गरम पाणी, मग शहाद्याला मावशीकडे मुक्काम, मग जत्रा. मी तेरा वर्षांची होते, मला फक्त पाळण्यात बसायचं होतं. थोरल्या बहिणीने, कमलताईने, मात्र काहीच मागितलं नाही. बीजगणिताचं पुस्तक गाडीत घेऊ का, एवढंच तिने विचारलं.

ताईचं सांगायला हवं. ती मॅट्रिकला होती. परीक्षा मार्चमध्ये. आणि तिची सुपारी फुटलेली होती तापीपलीकडच्या एका घरात. ते लोक फाल्गुनातच लग्न मागत होते. घरातले कर्ते, म्हणजे मुलाचे मोठे काका, म्हणाले होते की शिकलेली पोर घरात टिकत नाही. बापूंना ताईने परीक्षेला बसावं असं मनापासून वाटायचं, पण मुलीकडच्यांनी तारीख पुढे ढकला म्हणायचं कसं? आमच्यात तसं कुणी म्हणत नसे. सुपारी मोडली तर पुढे धाकटीचंही, म्हणजे माझंही, कोण करणार, ही मायची धास्ती. त्यामुळे सगळे गप्प होते आणि ताई रोज पहाटे उठून गणितं सोडवत होती. मला तिचा इतका राग यायचा! भांडत का नाही ही?

उनपदेवला पोचलो तेव्हा थंडीने दात वाजत होते. कुंडातून वाफ निघत होती. डोंगरातून उतरलेलं एक पावरा आदिवासी कुटुंब आधीच पाण्यात बसलेलं. त्यांची बोली आम्हाला कळेना, आमची त्यांना, पण त्यातल्या बाईने मला हाताला धरून बरोबर कढत धारेखाली नेऊन बसवलं आणि मी किंचाळल्यावर पोट धरून हसली. भगवानने फडक्यात तांदूळ बांधून पाण्यात सोडले, शिजतात का बघायला. कसले शिजतायत! शेवटी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, ठेचा आणि वांग्याचं भरीत. काय चव होती म्हणून सांगू!

"धरतीना पोटमा चुल्हा शे," बापूंनी आम्हाला समजावलं.

"गंधक असस पानीमा," ताई म्हणाली आणि जमिनीखाली खोल गेलं की उष्णता कशी वाढते ते तिने सांगितलं. बापू कौतुकाने ऐकत होते. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला आणि ते बैलांना पाणी पाजायला निघून गेले.

तुम्ही आता जाणार असाल तर शहाद्याहून गाडीने उनपदेव सहज होतं, सारंगखेड्यालाही रस्ता चांगला आहे. थंडीचे कपडे न्या. आमच्या वेळी नुसती चाकोरी होती आणि धूळ. जत्रेत पोचलो तेव्हा आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. पण तो घोड्यांचा बाजार! अबलख, कुमैत, पांढरेशुभ्र, रांगाच्या रांगा. कुणी दात बघतंय, कुणी चाल बघतंय, कुणाचा घोडा नाचतोय. भगवान तिथून हलेना. बापू त्याच्याजवळ थांबले. माय दर्शनाच्या रांगेत लागली आणि आम्हा दोघींना म्हणाली, "एक फेरा मारा नि सीध्या मंदिरजोडे या. कमल, डोकावरना पदर सोडू नको, सासरना गावना लोक येतस आठे."

पाळणा लाकडी. दोन आणे फेरा. चार खोकी, आणि दांडगे गडी दांड्यांवर चढून आपल्या वजनाने तो फिरवायचे. बायकांचं खोकं वेगळं. आमच्यासमोर एक बाई येऊन बसली, नाकाच्या शेंड्यापर्यंत पदर. ताईचाही तसाच. दोघींनी एकमेकींचे फक्त ओठ आणि हनुवटी पाहिली असेल.

पाळणा सुरू झाला आणि बाईने "वं माय वं!" करून ताईचा हात धरला. दुसऱ्या फेऱ्यात आम्ही नेमक्या टोकावर, आणि पाळणा थांबला. खाली गड्यांचं कुणाशी तरी वाजलं होतं. वाऱ्याने खोकं कुरकुरत होतं. मी वाकून वाकून बघत होते : तापीचं पाणी, नावा, तंबू, मुठीएवढे घोडे. बाई मात्र ताईचा हात सोडेना.

"बोलत ऱ्हाय माय, कायबी बोल," ती ताईला म्हणाली. "कोनी पोर तू? लगीन व्हयनं का?"

आणि आमची ताई, घरात तोंडातून शब्द न काढणारी, बोलायला लागली. परीक्षा, बीजगणित, फाल्गुन, मोठ्या काकांचं म्हणणं, सगळं. अनोळखी बाई, उतरली की गेली, मग काय! सासरचं गाव सांगितलं, घराचं नावही सांगितलं. "आजपावत मी कोनले नही सांगेल," ताई म्हणाली, आणि रडली. मी पहिल्यांदा तिला रडताना पाहिलं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

बाईचे ओठ पदराखाली काहीतरी पुटपुटले. मग तिने विचारलं, "पास व्हशी का?"

"व्हसू," ताई म्हणाली.

पाळणा हलला. आम्ही उतरलो तर समोर बापू, दोन फेटेवाल्यांशी हसत बोलताहेत. आम्हाला पाहून म्हणाले, "या, व्याही भेटले!" त्यातले मोठे ते काका. धाकटे व्याही, म्हणजे मुलाचे वडील, आमच्या मागे बोट दाखवून म्हणाले, "ही आमची मंडळी."

पाळण्यातली बाई! सुपारीला बायका आल्या नव्हत्या, ओळखणार कुठून? पदराखाली ताईचे ओठ पांढरेफटक पडले. विहीणबाई जेठांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, बोलायच्या नाहीत. त्यांनी पदर आणखी ओढला आणि पाठ फिरवून मंदिराकडे चालू लागल्या.

परतीच्या वाटेवर मी मायला सगळं सांगून टाकलं. मायने कपाळावर हात मारला. "मोडाई गयी सुपारी," ती म्हणाली. जत्रेतून घेतलेल्या गोडीशेवेचा पुडा कुणी उघडला नाही. त्या दिवसांत अंगणात कुणाची चाहूल लागली तरी ताई पुस्तक मिटायची.

शेवटी तिकडचा माणूस आलाच. निरोप असा : घरातल्या बाईने दत्ताला नवस बोललाय, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, त्या घरात लग्न होणार नाही. कर्ते काका चिडलेत, पण देवाच्या शब्दापुढे कोण बोलणार? आमची माफी मागितली होती. बापू वरवर कुरकुरले आणि आत येऊन ताईच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

ताई परीक्षेला बसली आणि पास झाली. लग्न आखाजीनंतर झालं. पुढे त्याच घरातून ती शिक्षिका म्हणून शाळेत जायला लागली. तोरणमाळ मी नंतर पाहिलं, इतरही बरंच फिरले, पण कुठल्याच सहलीहून इतकं काही घरी आलं नाही.

आम्ही सगळे समजत होतो की नवस म्हणजे विहीणबाईंची युक्ती. जेठांसमोर तोंड उघडता येत नाही, म्हणून देवाला पुढे केलं. एकदा मी ताईकडे गेले होते, तेव्हा धीर करून विहीणबाईंना विचारलंच, "तो नवस खोटा होता ना हो, मावशी?"

त्या केवढ्या चिडल्या! "खोटा? देवना नावनं खोटं बोलसू का मी? वर अडकेल व्हतूत तव्हयच बोलेल शे. म्हन्तं, दत्ता, जित्ती खाले उतार, ह्या पोरनी परीक्षा मी व्हऊ देसू."